आत्या आणि आजी

आमच्या घरी एकच बाई दोन नात्यांनी वावरत असे. माझ्या वडिलांची आई त्यांच्या जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत निवर्तली आणि त्यांना त्यांच्या विधवा आत्याने वाढविले. वडील तिला आत्या म्हणत, आम्ही नातवंडे आजी म्हणत असू, आणि गावातली माणसे दोन्ही नावांनी हाक मारीत. तिला जेमतेम वाचता येत असे. परंतु ऐकण्याची आवड मोठी. वडिलांपाशी सरदेसायांच्या रियासतीचे काही जीर्ण खंड होते. रात्रीची जेवणे आटोपली की वडील त्यांतील दोनचार पाने मोठ्याने वाचीत आणि आजी वाती वळता वळता ऐके. लढायांच्या वर्णनांकडे तिचे लक्ष नसे. कोणाच्या घरी कोण वारले, कोणाची मुंज कोणी लावली, मागे मुले कोणी सांभाळली, हे मात्र तिच्या ध्यानात पक्के राही.

१९७४ साली माझी बदली जयपुरास झाली. घरच्यांनी ज्याला त्याला सुचतील ते प्रश्न विचारले. उन्हाळा किती कडक, घर सरकारी मिळेल की भाड्याने घ्यावे लागेल, मुलांच्या शाळेचे काय. आजीने एकच प्रश्न विचारला. "राधाबाई तिथं किती दिवस राहिल्या होत्या रे?" मला उत्तर ठाऊक नव्हते. पहिल्या बाजीरावाच्या आई एकदा काशीयात्रेला गेल्या होत्या एवढेच मला माहीत; त्या जयपुरावरून गेल्या हेही मी विसरलो होतो. "बघून कळवितो" असे म्हणून मी गाडीत बसलो.

उत्तर शोधण्यास पुष्कळ काळ गेला. ते शोधता शोधता पेशव्यांच्या घरातील दोन वडील स्त्रियांची ओळख झाली. एक आजी, दुसरी आत्या. दोघी मायलेकी. मातुश्री राधाबाई आणि त्यांची कन्या अनुबाई घोरपडे. आपल्या इतिहासग्रंथांत त्यांची नावे येतात ती बहुधा वंशवृक्षात किंवा तळटीपेत. परदेशी म्हणजे परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र त्यांच्या आयुष्यात आपले असे पुष्कळ सापडेल, या समजुतीने हा लेख लिहीत आहे.

राधाबाई बर्व्यांच्या घरची लेक. सिन्नरजवळच्या डुबेरे गावी बर्व्यांचा वाडा आहे आणि बाजीरावांचा जन्म तेथेच, आजोळी, झाला असे परंपरा सांगते. त्यांना देण्यात आले श्रीवर्धनच्या भटांच्या घरी. जंजिऱ्याच्या सिद्द्याच्या जाचामुळे हे कुटुंब कोकण सोडून घाटावर आले. म्हणजे ज्या बाईला पुढे साऱ्या हिंदुस्थानाने मातुश्री म्हटले, तिच्या संसाराचा आरंभ एका निर्वासिताच्या बिऱ्हाडात झाला. बाळाजी विश्वनाथ हळूहळू कारकुनीतून वर चढले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. परंतु त्यानंतरही या संसारास स्थैर्य आले असे नव्हे. हिंगणगावच्या दमाजी थोराताने बेलभंडाऱ्याची शपथ वाहून बाळाजीपंतांना भेटीस बोलाविले आणि शपथ मोडून त्यांना सहकुटुंब कैद केले. बेल म्हणजे झाडाचे पान आणि भंडारा म्हणजे रोज खाण्यातली हळद, असा त्याने खुलासा केल्याचे सांगतात. बाजीराव आणि चिमाजी ही मुलेही त्या कैदेत होती. खंडणी न दिल्यास तोंडाला राखेचे तोबरे बांधण्याची धमकी देण्यात आली. अखेर शाहू महाराजांनी खंडणी भरून सर्वांना सोडविले. ही हकीकत बाळाजीपंतांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून सांगितली जाते. दोन मुलांना पदराखाली घेऊन त्या कैदेत बसलेल्या आईचा तो अनुभव होता, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

बाळाजीपंत १७१९ साली दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई यांना घेऊन परतले आणि पुढच्याच वर्षी, १७२० च्या एप्रिलात, सासवडास वारले. राधाबाईंपाशी चार अपत्ये होती. बाजीराव आणि चिमाजी हे दोन पुत्र, भिऊबाई आणि अनुबाई या दोन कन्या. या मुलांच्या सोयरिकींकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाजीरावांची पत्नी काशीबाई चासच्या महादाजी कृष्ण जोशी या सावकाराची मुलगी. भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांच्या घरी दिली. तेही सावकारीचे घर. अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली. त्यांच्यापाशी पथक आणि कर्नाटकाकडील माहिती. घाटावर नव्याने आलेल्या कोकणस्थ कुटुंबाला पैसा आणि फौज या दोन्ही गोष्टींची गरज होती आणि लग्नसंबंधांनी ती भागविली. पेशवाईचा पाया सनदांवर होता हे खरे, पण तो तितकाच या तीन घरांवरही होता. ही घरे एकमेकांशी जोडून ठेवण्याचे काम दरबारात होत नसे. ते सणवारी, बाळंतपणी, मुंजीला आणि दुखण्याखुपण्याला होई, आणि ते पाहणारे माणूस घरातील वडील बाई हेच असे.

पुत्र तर घरी क्वचितच असत. बाजीरावांची वीस वर्षांची पेशवाई बहुतेक घोड्यावर गेली. १७३० च्या जानेवारीत शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. १६,११० रुपये खर्च आला असा हिशेब आहे. पण ज्याने वाडा बांधविला त्याला त्या वाड्यात सलग एक पावसाळाही स्वस्थपणे काढता आला असेल की नाही, याची शंकाच आहे. नोकरीसाठी घर बांधून ठेवून परगावी राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही स्थिती समजावून सांगावयास नको.

१७३० च्या ऑगस्टमध्ये चिमाजीआप्पांना पुत्र झाला आणि महिना संपण्याच्या आतच त्याची आई रखमाबाई वारली. तोच हा सदाशिव, पुढचा भाऊसाहेब. बाप मोहिमेवर, आई नाही. ते मूल आजीने वाढविले. आमच्या आजीला रियासतीतला हा भाग वडिलांनी वाचून दाखविला होता आणि तो तिने दोनतीनदा पुन्हा वाचावयास लावला होता, असे मला अंधुक स्मरते. त्या वेळी मला त्याचे कारण कळले नव्हते.

आता त्या यात्रेविषयी. १७३५ च्या फेब्रुवारीत राधाबाई पुण्याहून निघाल्या. वैधव्याला पंधरा वर्षे होऊन गेलेली, वय पन्नाशीच्या घरात किंवा त्यापुढे. जावई आबाजी नाईक जोशी बरोबर होते. मेणे, पालख्या, शिबंदी, जासूद, वाटखर्चासाठी हुंड्या आणि सोबतीच्या आशेने लागलेले यात्रेकरू, असा तो तांडा असावा. काळ मात्र यात्रेचा नव्हे, युद्धाचा होता. त्याच हंगामात शिंदे-होळकरांच्या फौजा राजपुतान्यात बादशाही सैन्यासमोर उभ्या होत्या. खुद्द बादशहाचा मीरबक्षी खानदौरान त्यांच्यावर चालून आला होता आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये माळव्याच्या चौथाईबद्दल बावीस लक्ष रुपये देण्याचे वचन देऊन त्याला मागे फिरावे लागले. ज्याच्या फौजांनी बादशहाच्या सरदारांना हैराण केले होते, त्याची वृद्ध आई त्याच बादशहाच्या मुलखातून देवदर्शनाला निघाली होती.

तिला कोणीही अडविले नाही. उलट जागोजागी तिचा सन्मान झाला. मे महिन्यात उदेपुरास महाराणा जगतसिंगांनी आदर केला. नाथद्वाराचे दर्शन झाले. जूनच्या उत्तरार्धात त्या जयपुरास पोहोचल्या. तेथे सवाई जयसिंगांनी आतिथ्यात काही उणे पडू दिले नाही. त्यानंतर मथुरा, वृंदावन, प्रयाग करीत ऑक्टोबरात त्या काशीस आल्या. पुढे गया झाली आणि परतीची वाट बुंदेलखंडातून होती. छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला होता; तो स्वतः १७३१ मध्ये वारला असला तरी त्याच्या पुत्रांना त्या ऋणाची आठवण होती. नवलाची गोष्ट ही की महंमदखान बंगश, ज्याला १७२९ साली जैतपुरास बाजीरावांनी कोंडून जेरीस आणले होते, त्यानेही शत्रूच्या मातेला शत्रू मानले नाही, मानाने वागविले. १७३६ च्या जूनच्या आरंभी बाई सुखरूप पुण्यास परतल्या. सोळा महिने लागले.

या यात्रेचा अर्थ इतिहासकारांनी राजकारणाच्या भाषेत लावला आहे आणि तो चुकीचा नाही. राधाबाई उदेपुरास १७३५ च्या मे महिन्यात गेल्या. बाजीराव तेथे महाराण्यांच्या भेटीला १७३६ च्या फेब्रुवारीत गेले. सवाई जयसिंगांनी मातेचा सत्कार आधी केला, पुत्राची भेट किशनगडाजवळ नंतर घेतली. म्हणजे ज्या दारांतून पुढे मुत्सद्द्यांना जावयाचे होते, ती आधी एका सोवळ्या वृद्धेसाठी उघडली होती. वकिलाला जे साधत नाही ते आईला साधते. वकील आला की दरबार सावध होतो. आई आली की दरबाराला आपला सभ्यपणा दाखवावा लागतो. मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी उत्तरेत जी भीती पसरली होती, तिच्याबरोबरच एक ओळखही या यात्रेमुळे पसरली, असे म्हणण्यास हरकत नाही. काशी, प्रयाग, गया या तीर्थांचा यात्राकर आणि तेथील व्यवस्था यांत पेशव्यांनी पुढे सतत लक्ष घातले, त्याच्या मुळाशी केवळ धोरण नव्हे, अशा यात्रांतून जडलेला जिव्हाळाही होता. कायगावकर नारायण दीक्षित पाटणकरांसारखे सत्पुरुष काशीत स्थायिक झाले होते आणि त्यांच्या घराण्याशी पेशव्यांचा पत्रव्यवहार पिढ्यांनी चालला. परप्रांतात मराठी माणसाचे घर कसे उभे राहते, याचे ते एक जुने उदाहरण आहे.

पण राजकारणाच्या पलीकडेही या यात्रेत काही आहे, आणि ते आमच्या आजीने माझ्याआधी ओळखले होते. बाजीरावांना आईबरोबर जाता आले नाही. त्यांनी माणसे दिली, पैसा दिला, रस्ता मोकळा करून ठेवला. स्वतःचा वेळ मात्र त्यांना देता आला नाही. तरी आईची काशी त्यांनी राहू दिली नाही. एवढा धामधुमीचा पुरुष, पण हे एक काम त्याने पुढल्या वर्षावर ढकलले नाही.

राधाबाईंच्या नावाबरोबर मस्तानीचे नाव निघतेच, म्हणून त्याविषयी बोलणे टाळू नये. नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी बाईंना एक कठोर, कर्मठ सासू करून टाकले आहे. कागदपत्रांत दिसते ते असे की बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेत गुंतले असता मस्तानीस नजरकैदेत ठेवण्यात आले, त्या व्यवहारात चिमाजीआप्पा आणि नानासाहेब यांचा पुढाकार होता, आणि बाजीरावांचे चित्त दुखवू नये असे शाहू महाराजांचे मत होते. राधाबाईंना यातून सर्वस्वी निर्दोष ठरविण्याचा माझा आग्रह नाही. त्या आपल्या काळाच्या आणि आपल्या आचाराच्या बाई होत्या. घरात जे घडले ते त्यांच्या संमतीवाचून घडले असेल असे मानणे कठीण. या एका बाबतीत त्या घराने एका स्त्रीवर अन्याय केला, हे स्पष्ट म्हणावे. त्याबरोबर हेही म्हणावे की मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर आईबाप गेल्यावर उघड्यावर पडला नाही. तो पेशव्यांच्याच घरात, त्यांच्याच मुलांबरोबर वाढला आणि पानिपतावर त्यांच्याच बाजूने लढून कामास आला. एका माणसाच्या आयुष्यातील चूक आणि माया यांचा हिशेब एकाच खात्यात लिहिता येत नाही.

१७४० हे वर्ष या आईने कसे काढले असेल याची कल्पना करवत नाही. २८ एप्रिल रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीस बाजीराव गेले. १७ डिसेंबर रोजी चिमाजीआप्पा गेले आणि त्यांची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. आठ महिन्यांच्या आत दोन्ही पुत्र आणि एक सून. मागे राहिलेली मुले पाहा. नानासाहेब विशीच्या आतबाहेर, सदाशिव दहा वर्षांचा, रघुनाथ सहा वर्षांचा, समशेरही तेवढाच, जनार्दन त्याहून धाकटा. आणि दाराशी सावकार. बाजीरावांच्या मोहिमांनी कर्जाचा डोंगर उभा केला होता आणि धनकोंपैकी एक प्रमुख होते बारामतीचे बापूजी नाईक, म्हणजे भिऊबाईचे दीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठबळाने बापूजी नाईकांनी पेशवेपदच आपल्याला मिळावे म्हणून शाहू महाराजांकडे खटपट केली. महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली. परंतु त्या काही आठवड्यांत वाड्यातील वातावरण कसे असेल? एकीकडे मुलाच्या मृत्यूचे सुतक, दुसरीकडे लेकीच्या सासरचे माणूस नातवाच्या ताटावर डोळा ठेवून बसलेले. लेकीचे सासर तोडावे तर लेक तुटते, न तोडावे तर नातू. ज्या सोयरिकीने घर उभे केले तीच घरावर उलटली होती. राधाबाईंनी या काळात काय केले याचा सविस्तर वृत्तान्त कोणी लिहून ठेवलेला नाही. फळ मात्र आपल्यासमोर आहे. घर फुटले नाही. बापाविना मुले एकत्र वाढली, आणि चुलतभाऊ असूनही नानासाहेब व भाऊसाहेब यांनी पुढे वीस वर्षे राज्याचे ओझे जोडीने वाहिले.

म्हातारपणीही स्वस्थता नव्हती. १७५१ मध्ये ताराबाईंच्या पक्षाने दमाजी गायकवाड चालून आला, तेव्हा पुण्यात धावपळ उडाली आणि राधाबाई व काशीबाई या सासूसुनांना सिंहगडावर आश्रय घ्यावा लागला. श्रीवर्धनहून जीव मुठीत धरून निघालेल्या बाईला आयुष्याच्या अखेरीस पुन्हा एकदा घर सोडून निघावे लागले. १७५३ च्या मार्चमध्ये त्या वारल्या. त्यांच्या भाग्याची एकच गोष्ट म्हणावी लागेल. ज्या तान्ह्या सदाशिवाला त्यांनी उराशी धरून वाढविले, त्याचे पानिपत पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

ते पाहण्यास राहिली ती त्यांची लेक.

अनुबाईंची हकीकत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या इचलकरंजी संस्थानच्या इतिहासामुळे आपल्याला माहीत झाली. त्यांचे सासर हे मुळात जोशी घराणे, कोकणातील म्हापणचे. नारो महादेव हा पोरका मुलगा सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाला आला, त्यांच्याजवळ वाढला आणि त्या उपकाराची जाणीव म्हणून त्याने घोरपडे हेच आडनाव धारण केले. कृतज्ञतेपोटी आडनाव बदलणारे हे घर. त्या घरात बाळाजी विश्वनाथांची ही मुलगी बालपणीच सून म्हणून गेली. पती व्यंकटराव शूर निघाले. १७३९ च्या आरंभी चिमाजीआप्पा वसईच्या मोहिमेत गुंतले असता व्यंकटरावांनी दक्षिणेकडून गोव्यावर चाल केली, मडगाव घेतले, राशोलला वेढा दिला. फिरंग्याला एका बाजूने भाऊ आणि दुसऱ्या बाजूने नवरा भिडला होता; अनुबाईंच्या दोन्ही घरांचे त्या वर्षी एकच काम चालले होते.

१७४५ साली व्यंकटराव वारले. त्यानंतरची जवळजवळ अडतीस वर्षे इचलकरंजीच्या संस्थानात खरा शब्द चालला तो अनुबाईंचा. काम सोपे नव्हते. गाव पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरकर छत्रपतींच्या मुलखाला लागून. माहेर पुण्याचे पेशवे. कोल्हापूर आणि पुणे यांचे बिनसले की पहिला तडाखा इचलकरंजीला बसे. कोल्हापुरास जिजाबाईसाहेबांसारखी करारी राजस्त्री कारभार पाहत होती. दोन धन्यांच्या मध्ये सापडलेल्या लहान संस्थानाला टिकून राहावयाचे तर तलवारीपेक्षा पत्रांवर आणि नात्यांवर अधिक भर द्यावा लागे. अनुबाईंनी तेच केले. कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत इचलकरंजीचे पथक पेशव्यांबरोबर असे आणि धारवाडकडील मामलतही काही काळ या घराकडे होती. पेशवे म्हणजे त्यांचे भाचे. दरबारात जे काम अडे ते आत्याबाईंनी वाड्यात जाऊन उलगडावे, अशी ती रीत होती.

परंतु आत्याचे नाते हे मोठे विचित्र नाते आहे. ती घरची असते आणि घरची नसते. तिला सांगण्याचा हक्क असतो, ठरविण्याचा नसतो. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर भाचा सदाशिव आणि नातू विश्वासराव पडले. जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेब गेले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीच्या मृत्यूवर विश्वास ठेवला नाही, कुंकू पुसले नाही, आणि पुढे कित्येक वर्षे वाड्यात ते न पुसलेले कुंकू साऱ्यांच्या डोळ्यांसमोर राहिले. १७७० मध्ये अनुबाईंचा स्वतःचा पुत्र नारायणराव वारला आणि नातू व्यंकटराव गादीवर बसला. त्या दिवसापासून त्या माहेरी आत्या आणि सासरी आजी अशा दोन्ही नात्यांनी वडील झाल्या. १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव गेले. १७७३ च्या ३० ऑगस्टला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला.

हा शेवटचा प्रसंग इतिहासात नेहमी रघुनाथरावांच्या किंवा नारायणरावांच्या बाजूने सांगितला जातो. आत्याच्या बाजूने तो कोणी पाहिलेला नाही. गारद्यांना फितविणारा रघुनाथराव हा तिच्या भावाचा मुलगा. मारला गेलेला नारायणराव हा तिच्या भावाचा नातू. ज्या रघुनाथाला तिच्या आईने सहाव्या वर्षी बाप गेल्यावर पोटाशी धरले, त्याच्याच नावाने आता सारे पुणे हाय घेत होते. अशा वेळी आत्याने कोणाला शाप द्यावा आणि कोणासाठी रडावे? बारभाईंना पक्ष निवडता आला. न्यायशास्त्री रामशास्त्र्यांना निर्णय देता आला. आत्याला यांपैकी काहीच करता येत नाही. तिच्या वाट्याला दोन्हीकडचे दुःख येते. अनुबाई त्यानंतर आणखी दहा वर्षे जगल्या आणि १७८३ साली वारल्या. नातवाचे संस्थान मात्र त्यांनी बुडू दिले नाही. इचलकरंजी संस्थाने विलीन होईपर्यंत टिकून राहिली.

मायलेकींची ही दोन आयुष्ये एकापुढे एक ठेवली की जवळजवळ सारी पेशवाई त्यांत मावते. आईने घर उभे राहताना पाहिले, लेकीने ते आतून पोखरताना पाहिले. आईच्या हयातीत मुले पोरकी झाली तरी भाऊ भाऊ राहिले. ती गेल्यानंतर वीस वर्षांत पुतण्यावर काकाने मारेकरी घातले. यात वडील बाईच्या अस्तित्वाचा किती भाग आणि काळाचा किती, हे मोजण्याचे साधन इतिहासापाशी नाही. ती असती तर खून टळला असता असे म्हणण्याइतका भोळेपणा माझ्यात नाही. पण घर एकत्र ठेवणे हेही एक राज्यकार्य आहे आणि त्याची दप्तरे राखली जात नाहीत, एवढे म्हणण्यास आधार आहे. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड सरदेसायांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत प्रसिद्ध केले. त्यांत बाजीरावांच्या कुटुंबाला वाहिलेला एक खंड आहे. मोहिमांच्या खंडांच्या मानाने तो आपण किती कमी उघडतो!

आता माझ्या आजीच्या प्रश्नाविषयी. जयपुरास गेल्यावर मी ग्रंथालयातून पुस्तके आणली आणि तारखा जुळविल्या. जूनच्या उत्तरार्धात जयपूर, ऑक्टोबरात काशी. तेव्हा मधला पावसाळा राधाबाईंनी बहुतेक सवाई जयसिंगांच्या पाहुणचारात काढला असावा. मी आजीला कार्ड लिहिले : "चातुर्मासातले निदान दोनअडीच महिने." शेवटी दोन ओळी आणखी घातल्या. पुढल्या हिवाळ्यात रजा घेऊन तुला इकडे आणतो, जयपूर दाखवितो आणि इथून काशीला नेतो. तिचे उत्तर वडिलांच्या हातचे आले. तिने एवढेच कळविले होते की लोकरीचे काही विकत घेऊ नये, तिच्यापाशी जुनी धाबळी आहे.

त्या हिवाळ्यात वर्षअखेरीचे काम निघाले. पुढच्या हिवाळ्यात रजा मंजूर होऊन रद्द झाली. कोणाचा दोष नव्हता. मी आग्रह धरला असता तर मिळाली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. १९७६ च्या श्रावणात गावाहून तार आली. मी पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. माजघरात तिच्या ट्रंकेवर धाबळी घडी घालून ठेवलेली होती आणि तिच्या घडीत माझे कार्ड होते. आईने सांगितले की दोन वर्षे तिने ट्रंक भरलेलीच ठेवली होती. दर दसऱ्याला कपडे उन्हात घाली आणि पुन्हा भरी.

तिच्या अस्थी मी प्रयागला नेल्या आणि तेथून काशीला गेलो. घाटावर एका वृद्ध मराठी भिक्षुकाने नाव-गोत्र विचारले आणि नंतर विचारले, "या आपल्या कोण?" मी म्हणालो, "आजी." मग वडिलांची आठवण होऊन म्हणालो, "आत्याही." त्याने काही आश्चर्य दाखविले नाही. दोन्ही नात्यांनी त्याने पाणी सोडविले.

आपण मंडळी बदल्यांची माणसे. गावी कोणी आजी, कोणी आत्या, कोणी मावशी आपल्या पत्राची वाट पाहत असते. तिचे मागणे बहुधा लहान असते आणि आपले उत्तर बहुधा पुढल्या वर्षाचे असते. बाजीरावाच्या वीस वर्षांतील लढाया मला आता क्रमाने आठवत नाहीत. त्याने १७३५ च्या फेब्रुवारीत आईला काशीला पाठविले, ही तारीख मात्र मी विसरत नाही.